अस्मानी, सुलतानी आणि वारणेचे पाणी

मराठी मुलखातील शेतकऱ्याने संकटांची वाटणी फार पूर्वीच दोन खात्यांत करून ठेवलेली आहे. आभाळातून कोसळते ते अस्मानी आणि सत्तेच्या दारातून येते ते सुलतानी. पहिल्यापुढे हात जोडायचे आणि दुसऱ्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडायचे, किंवा गाऱ्हाणे ऐकणारा कोणी नसेल तर रातोरात गाव सोडून परागंदा व्हायचे, असा हा व्यवहार होता. या वाटणीमागे कारणमीमांसा होती, तशीच एक नीतीही होती, कारण ज्या संकटाला कर्ता नाही त्याचा जाब कोणाला विचारता येत नाही आणि ज्याला कर्ता आहे त्याचा विचारता येतो, हे तत्त्व तिच्यात गृहीत धरलेले होते. नैसर्गिक आपत्तींचे प्रकार आणि त्यांची कारणे हा विषय भूगोलाच्या पुस्तकात जितका सरळ वाटतो तितका तो धर्मविचारात राहत नाही, तो याच कारणाने. पूर, भूकंप किंवा दुष्काळ कशामुळे आला या प्रश्नाच्या पोटात तो कोणामुळे आला हा दुसरा प्रश्न दडलेला असतो, आणि त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देव, दैव, पूर्वकर्म, सरकार किंवा शेजारचे राज्य यांपैकी कोणाच्या तरी नावावर टाकून मोकळे होण्याची घाई प्रत्येक काळात दिसते. वारणेचे खोरे या प्रश्नाची परीक्षा घेण्यास विशेष सोयीचे आहे, कारण तिथे अस्मानी आणि सुलतानी यांचे पाणी इतके मिसळले आहे की कोणते कुठून आले हे सांगणे अवघड होते.

वारणा नदी सह्याद्रीच्या माथ्यावर पाथरपुंजच्या परिसरात उगम पावते, चांदोलीच्या अरण्यातून उतरते, शिराळा तालुक्यात धरणाच्या भिंतीशी अडते आणि तिथून पुढे बऱ्याच अंतरापर्यंत कोल्हापूर व सांगली या दोन जिल्ह्यांची सीमा होऊन सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला मिळते. चांदोलीच्या जलाशयाची साठवणक्षमता ३४.४० टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. या नदीच्या दक्षिणेस, पन्हाळा तालुक्यात कोडोलीच्या शेजारी, सहकारमहर्षी तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती वारणानगर वाढले, आणि त्याबरोबर ऊस, दूध, शाळा, महाविद्यालय असा सारा संसार नदीच्या पाण्यावर उभा राहिला. एरवी माळाची भाषा बोलणारा हा प्रदेश दोन पिढ्यांत उसाची भाषा बोलू लागला, याचे श्रेय जितके माणसांच्या कष्टाला तितकेच नदीच्या गाळाला द्यावे लागते. आणि हा गाळ पुरानेच आणून टाकलेला असतो, ही गोष्ट पुराच्या दिवसांत विसरली जाते.

विज्ञान आपत्तींचे वर्गीकरण त्या जिथे जन्मतात त्या जागेवरून करते. पृथ्वीच्या पोटातील हालचालींतून भूकंप, ज्वालामुखी आणि समुद्रतळ हलल्यास त्सुनामी निर्माण होते. वातावरणातील उष्णता आणि बाष्प यांच्या असमतोलातून चक्रीवादळ, गारपीट, वीज आणि ढगफुटी. पाण्याच्या वाहण्यातून पूर. दीर्घकाळच्या हवामानातून अवर्षण व उष्णतेची लाट. आणि सजीवांतून साथीचे रोग व टोळधाड. दरड कोसळणे हा प्रकार मधलाच आहे, कारण तिथे उतार भूगर्भाचा असतो, पाणी आभाळाचे असते आणि पुष्कळदा उताराला दिलेला छेद माणसाचा असतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण आणि २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये ही गावे डोंगराखाली गेली, तेव्हा महाराष्ट्राला हा प्रकार नीट कळला. शास्त्राच्या या यादीत एक गोष्ट आवर्जून लक्षात घेण्यासारखी आहे. अतिवृष्टी, भूकंप किंवा वादळ ही घटना आणि आपत्ती या दोन गोष्टी शास्त्र वेगळ्या मानते: घटना हा केवळ धोका असतो, आणि त्या धोक्याच्या वाटेत माणसे, घरे, जनावरे, पिके उभी असतील व ती सोसण्याचे बळ त्यांच्यात नसेल, तरच त्याची आपत्ती होते. निर्मनुष्य पठारावर झालेला भूकंप ही नोंदवहीतील एक ओळ असते.

भारतीय परंपरेतील वर्गीकरण दुःखापासून सुरू होते. सांख्यांनी दुःखाचे तीन प्रकार सांगितले: शरीर आणि मन यांतून उपजणारे ते आध्यात्मिक, इतर प्राणी व पदार्थ यांपासून होणारे ते आधिभौतिक आणि देवतांच्या अधीन असलेल्या शक्तींपासून येणारे ते आधिदैविक. सांख्यकारिकेवरील गौडपादांच्या भाष्यात थंडी, ऊन, वारा, पाऊस आणि वज्रपात यांची गणना या तिसऱ्या प्रकारात होते, आणि आजचा मराठी वक्ता महापुराला आधिदैविक ताप म्हणतो तेव्हा तो नकळत याच परंपरेत बोलत असतो. समर्थ रामदासांनी मात्र दासबोधाच्या तिसऱ्या दशकात या तीन तापांना एकेक समास देताना रेषा वेगळ्या ठिकाणी आखली. त्यांच्या मांडणीत आधिदैविक ताप म्हणजे देहान्तानंतर शुभाशुभ कर्मांनुसार भोगावी लागणारी यमयातना. या जगात भूतमात्रांच्या संयोगाने माणसाच्या वाट्याला येणारी इजा त्यांनी आधिभौतिकात ठेवली. या बदलाचा अर्थ फार मोठा होतो. देवाच्या न्यायाचे दालन मृत्यूपलीकडे गेले की इहलोकीची पडझड ही भूतांच्या, म्हणजे वस्तुमात्राच्या, परस्परसंबंधाची बाब ठरते आणि तिच्याकडे पाहण्यासाठी पंचांगापेक्षा डोळे उघडे ठेवणे अधिक उपयोगाचे ठरते. समर्थांनी हा निष्कर्ष शब्दांत काढलेला नाही. तो त्यांच्या मांडणीतून निघतो, एवढेच म्हणता येईल.

शेतीवर येणाऱ्या संकटांची जुनी यादी याहूनही बोलकी आहे. तिला ईति म्हणतात आणि तिच्यात सहा गोष्टी येतात: अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर, टोळ, पोपट आणि जवळ येऊन ठाकलेले राजे. पाऊस आणि राजा एकाच ओळीत बसवणाऱ्या या यादीकर्त्याला अस्मानी आणि सुलतानी यांत फरक कळत नव्हता असे मानण्याचे कारण नाही. पीक वाचवायचे असेल तर दोहोंकडे सारखेच लक्ष ठेवावे लागते, हे त्याला ठाऊक होते.

खरा तात्त्विक पेच पुढेच आहे. ईश्वर दयाळू आणि सर्वसमर्थ असेल, तर पुरात एकाचे घर राहते आणि दुसऱ्याचे वाहून जाते, याची संगती कशी लावायची? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हा आक्षेप स्पष्टपणे घेतलेला आहे: जगातील विषमता पाहता ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा दोष येतो. सूत्रकारांचे उत्तर असे की ईश्वर स्वतंत्रपणे सुखदुःख वाटत नाही, तो प्राण्यांच्या कर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो, म्हणून हे दोन्ही दोष त्याला लागत नाहीत. हे समजावताना शंकराचार्यांनी दिलेला दृष्टान्त पर्जन्याचा आहे, आणि पुराच्या संदर्भात तो वाचताना थबकायला होते. पाऊस हे भात आणि जव या दोहोंचे साधारण कारण आहे, पण भाताचे भात आणि जवाचे जव होते ते आपापल्या बीजातील विशेष सामर्थ्यामुळे. तसा ईश्वर साधारण कारण आणि प्रत्येकाचे कर्म हे असाधारण कारण.

या दृष्टान्ताचा रूढ उपयोग असा झाला की ज्याचे वाहून गेले त्याचे पूर्वजन्मीचे काही देणे असावे. हा उपयोग क्रूर तर आहेच, पण तो तर्काच्या दृष्टीनेही कच्चा आहे, कारण पूर्वजन्मीच्या कर्माचा पुरावा केवळ आताचे दुःख हाच दाखवला जातो आणि त्याच दुःखाचे स्पष्टीकरण म्हणून ते कर्म पुढे केले जाते. बुद्धाने संयुत्तनिकायातील मोळियसीवक सुत्तात नेमक्या याच मताला छेद दिला आहे. माणसाला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्मामुळेच होते असे म्हणणाऱ्यांविषयी सीवक नावाच्या परिव्राजकाने विचारले असता बुद्धाने पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतूतील बदल, स्वतःची हेळसांड, अचानक होणारा आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगितली. कर्मविपाक त्यांत आहे, पण आठांतील एक म्हणून. ऋतूतील बदलाला स्वतंत्र स्थान देऊन बुद्धाने हवामानाची कर्मसिद्धान्तातून सुटका केली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

शंकराचार्यांचा दृष्टान्त टाकून देण्याची मात्र गरज नाही. पाऊस सर्वांवर सारखा पडला आणि हानी वेगवेगळी झाली, याचे कारण ‘बीजात’ शोधायचे हे त्यातील सूत्र अचूक आहे. फक्त ते बीज मागील जन्मात शोधण्याऐवजी घराच्या पायात, भिंतीच्या दगडमातीत आणि गावठाणाच्या उंचीत शोधावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगावली. गणपती पोहोचवून आलेल्या माणसांवर हे संकट का, हा प्रश्न त्या वेळी पुष्कळांनी विचारला. उत्तर जाडजूड दगडी भिंतींत आणि त्यांना धरून ठेवण्यास असमर्थ असलेल्या चिखलाच्या सांध्यांत होते. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, ख्रिस्ती संतांच्या सणादिवशी, चर्चमध्ये गर्दी असताना लिस्बन शहर कोसळले, तेव्हा युरोपातील तत्त्वज्ञांनाही हाच प्रश्न पडला. हे सर्व शक्य जगांतील उत्तम जग आहे या आशावादावर व्होल्तेरने कवितेतून हल्ला चढवला आणि रूसोने १७५६ मध्ये त्याला पत्र लिहून वेगळाच मुद्दा काढला: सहा-सात मजल्यांची हजारो घरे एकमेकांना खेटून निसर्गाने बांधलेली नव्हती. देवाची बाजू घेण्यासाठी लिहिलेल्या पत्रात आपत्तीच्या समाजशास्त्राचा पाया घातला जावा, हा विचारांच्या इतिहासातील एक गमतीचा योग आहे.

भारतात हा वाद सर्वांत तीव्र झाला तो १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर. महात्मा गांधींनी हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे जाहीरपणे म्हटले आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्यावर घेतलेली हरकत गांधींनी फेब्रुवारीत ‘हरिजन’मध्ये आपल्या उत्तरासह छापली. अस्पृश्यतेविषयी दोघांचे मत एकच होते. टागोरांचे म्हणणे असे की भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात, आणि नीतीची तत्त्वे अशा रीतीने निसर्गाला बांधली तर हीच युक्ती सुधारणेच्या विरोधकांच्या हाती अधिक शोभून दिसेल. या वादात कोण मोठा हे ठरवण्याचे कारण नाही, पण मुद्द्यापुरते टागोर बरोबर होते असेच म्हणावे लागते; भूकंपात सापडलेल्या दलिताने आपली शिक्षा नेमकी कशाची समजायची, या प्रश्नाला गांधींच्या मांडणीत जागा नव्हती. तरीही गांधींच्या विधानातील एक धागा टिकण्यासारखा आहे: समाजाच्या वर्तनाचा आणि त्याच्यावरील संकटाचा संबंध असतो. तो संबंध पाप आणि शिक्षा असा नसून कृती आणि परिणाम असा असतो, आणि तो दाखवायला दैवी संकेताची गरज पडत नाही.

हा संबंध तपासण्यासाठी गीतेच्या अठराव्या अध्यायातील चौकट फार उपयोगाची आहे. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात असे तिथे सांख्यमताच्या हवाल्याने सांगितले आहे: अधिष्ठान म्हणजे आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, वेगवेगळ्या चेष्टा म्हणजे क्रिया, आणि पाचवे दैव. शांकरभाष्यात अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा केला आहे. पण गावाच्या कर्माचा विचार करताना गाव ज्या जागेवर वसले ती जागाच त्याचे शरीर मानण्यास हरकत नसावी. दैव पाचात आहे आणि पाचवे आहे. ते नाकारलेले नाही, पण उरलेली चार कारणे मोजून झाल्याशिवाय त्याचे नाव घेण्याची मुभाही दिलेली नाही.

वारणेच्या महापुराला ही चौकट लावून पाहता येते. जुलै-ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडील नद्या पात्राबाहेर पडल्या. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट असताना दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले आणि शिरोली पुलाजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. त्याआधी २००५ चा महापूर होऊन गेला होता. यातील दैवाचा वाटा उघड आहे: अरबी समुद्रावरून येणारे बाष्प घाटमाथ्यावर अडते, बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे त्याला जोर देतात, आणि पंधरवड्याचा पाऊस चार दिवसांत कोसळतो. या दैवातही आता माणसाचा हात शिरू लागला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० पासून मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या आहेत, आणि त्याचा संबंध तापणाऱ्या अरबी समुद्राशी आहे. म्हणजे आभाळही आता निखळ अस्मानी राहिलेले नाही.

अधिष्ठान ही नदीकाठची मळी जमीन. ती पुराने बनली आणि पुरानेच ती कसदार ठेवली, म्हणून माणसे तिच्यापाशी गेली. गावे काठावर वसली ती अडाणीपणाने नव्हे. पण जुने गावठाण बहुधा उंचवट्यावर असे आणि शेत खाली असे, तर गेल्या काही दशकांत वस्ती शेतात उतरली, गोठे आणि घरे मळ्यात गेली. करणे म्हणजे धरणाचे दरवाजे, पूल, महामार्गाचा भराव. भरावामुळे पसरणारे पाणी तटते, पुलाच्या गाळ्यांतून वाट काढते आणि वरच्या बाजूस उंची गाठते. हरिपूरला कृष्णा फुगलेली असली की वारणेला तिच्यात शिरता येत नाही, आणि मग तिचे पाणी मागे सरकते. या भागात त्याला पाण्याची फूग म्हणतात, आणि ओढ्यांच्या तोंडातून शिरलेली ही फूग नदीपासून दूरच्या शिवारातही बसून राहते. ओढे बुजवून सपाट केलेल्या रानात ती जास्त दिवस बसते.

उसाचे काय होते ते पाहिले म्हणजे हे ‘जास्त दिवस’ किती महागात पडतात ते कळते. ऊस एरवी पाण्याला दाद न देणारे पीक आहे. बुडखा चार-सहा दिवस पाण्यात राहिला तरी तो तग धरतो. पण पाणी शेंड्यावरून गेले की पोंग्यात गाळ बसतो, पोंगा कुजतो, वाढ खुंटते, कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा निघू लागतात आणि साखरेचा उतारा घसरतो. पूर ओसरल्यावर लांबून हिरवेगार दिसणारे रान आतून संपलेले असते. गोठ्यातील गाई-म्हशींचा प्रश्न आणखी अवघड आहे, कारण स्थलांतराची सूचना माणसांना मिळते आणि दावणीची जनावरे सोडून जायला माणसे तयार नसतात. दुधावर घर चालणाऱ्या खोऱ्यात हा हट्ट नसून हिशेब असतो.

आता कर्ता. इथे बहुतेक वाद होतात आणि इथेच बहुतेक वाद चुकतात. धरणातून विसर्ग उशिरा का सोडला, हा प्रश्न दर महापुरानंतर विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. परंतु जुलैअखेर धरण रिकामे दिसले की उन्हाळ्याच्या पाण्याची चिंता करणारा समाज आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धरणात पुरासाठी जागा का ठेवली नाही म्हणून संतापणारा समाज हा एकच असतो. धरण भरलेले असणे आणि रिकामे असणे या दोन परस्परविरोधी इच्छा एकाच भिंतीवर लादलेल्या असतात, आणि त्यांच्यातील तडजोड आकड्यांच्या वेळापत्रकात बसवणे हे अभियंत्याचे कर्म असते. दुसरीकडे सारा दोष कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाच्या नावावर टाकण्याची पद्धत आहे. २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने अलमट्टीमुळे हा पूर आला असे मानण्यास आधार सापडत नसल्याचा निष्कर्ष काढला आणि अतिवृष्टी व पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांकडे लक्ष वेधले. तो निष्कर्ष सर्वांनी मान्य केला असे नाही, आणि धरणाची उंची वाढवण्याविषयीची भीती अनाठायी आहे असेही त्यातून सिद्ध होत नाही. तात्त्विक मुद्दा एवढाच की पाच कारणे असताना जो एकट्यालाच कर्ता मानतो त्याला यथार्थ दिसत नाही, असे गीता त्याच ठिकाणी पुढे सांगते. ते विधान अहंकारी कर्त्याविषयी आहे, पण दुसऱ्या एकट्यावर बोट रोखणाऱ्यालाही ते तितकेच लागू पडते.

दैव आणि पुरुषकार, म्हणजे मानवी प्रयत्न, यांची सीमारेषा किती पुसट आहे याचा सर्वांत विलक्षण पुरावा हे खोरे आणि शेजारचे कोयनेचे खोरे यांच्या पोटात आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला आणि सुमारे पावणेदोनशे माणसे मेली. दख्खनचे पठार स्थिर समजले जात होते, पण कोयनेचा शिवसागर जलाशय १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस भरू लागल्यापासून तिथे हादऱ्यांची नोंद होत होती. १९८५ मध्ये चांदोलीत पाणी साठू लागले आणि पुढे भूकंपांचे क्षेत्र दक्षिणेकडे वारणेच्या जलाशयापर्यंत सरकले. शास्त्रज्ञ याला जलाशयामुळे चालना मिळालेले भूकंप म्हणतात: खडकातील भेगेवर युगानुयुगे साठलेला ताण आधीच तुटण्याच्या बेतात असतो, जलाशयाचे पाणी खोल झिरपून भेगेतील दाब वाढवते, दोन्ही बाजूंच्या खडकांमधील घर्षण कमी होते आणि भेग सरकते. या प्रक्रियेचा वेध घेण्यासाठी कराडजवळ भूगर्भसंशोधनाची प्रयोगशाळा आहे आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले आहे. ताण पाण्याने निर्माण केलेला नसतो आणि पाण्यावाचून तो त्या वेळी सुटलाही नसता. मग हा भूकंप अस्मानी की सुलतानी, या प्रश्नाला जुन्या वाटणीत उत्तर नाही.

धर्माचा प्रत्यक्ष आचार पाहिला तर तो या बाबतीत धर्माच्या प्रवचनापेक्षा शहाणा दिसतो. वारणा कृष्णेत मिसळून पुढे शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला जाते आणि तिथे पंचगंगा मिळते. पावसाळ्यात पाणी चढून दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजातून बाहेर पडते, आणि या दक्षिणद्वार सोहळ्याच्या वेळी स्नान करण्यासाठी भाविकांची गर्दी होते. पुराकडे कृपा म्हणून पाहण्याची ही दृष्टी बाहेरच्या माणसाला भाबडी वाटेल. पण पाणी आणखी चढू लागले की पुजारी उत्सवमूर्ती उचलून वरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात, हाही त्याच आचाराचा भाग आहे. ज्याला पाणी भेटायला येते त्या देवालाही वेळ आली की उंचावर हलवायचे असते, आणि त्यात श्रद्धेला कमीपणा येतो असे नृसिंहवाडीत कोणी मानत नाही.

कौटिल्यानेही हेच दोन पाय एकत्र ठेवले होते. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात त्याने आठ दैवी महाभये सांगितली आणि पुराच्या भयावर नदीची पूजा करावी असे सांगतानाच काठच्या गावांनी पावसाळ्याच्या रात्री पुराच्या मर्यादेबाहेर राहावे आणि लाकडे, बांबू व नावा जवळ बाळगाव्यात, अशी आज्ञा दिली. बुडणाऱ्याला मदत न करणाऱ्याला त्याने दंड सांगितला आहे. ज्याच्याकडे नाव नाही तो तेवढा त्यातून सुटतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांनी भरलेली बोट उलटून अनेक जण बुडाले, तेव्हा नाव जवळ बाळगण्याच्या त्या आज्ञेत नाव किती आणि कशी हेही गृहीत होते, याची आठवण होणे अपरिहार्य होते.

संतकथांतील देवही पाऊस पाडून मोकळा होत नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे भुकेल्यांसाठी उघडली आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात दरबारी जाऊन त्या धान्याची रक्कम भरली, अशी कथा आहे. या कथेतील देवाने ढग आणले नाहीत. त्याने एका अंमलदाराच्या योग्य निर्णयाचे बिल फेडले. अस्मानी संकटावर उतारा सुलतानी कोठारात होता, ही गोष्ट वारकरी परंपरेने कथेच्या गाभ्यातच ठेवली आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे खडी फोडायला आणि बंधाऱ्यांच्या कामांवर गेली आणि सार्वत्रिक भूकबळी टळले, त्यामागेही पाऊस नव्हता, रोजगार देण्याचा निर्णय होता.

कायद्याने ही दृष्टी आता स्वीकारलेली आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात आपत्तीची व्याख्या करताना नैसर्गिक कारणे, मानवी कारणे, अपघात आणि निष्काळजीपणा ही सारी एका वाक्यात आली आहेत. दैवी कृत्य म्हणून जबाबदारीतून सूट मागणाऱ्याला न्यायालय जुन्या काळापासून एकच गोष्ट विचारत आले आहे: हे आधी कळण्यासारखे होते का? २००५ मध्ये या प्रश्नाचे उत्तर नाही असे देता आले असते. २०१९ मध्ये ते अवघड होते. २०२१ नंतर वारणा-कृष्णेच्या काठी ते उत्तर देण्याचा अधिकार कोणाकडेच उरलेला नाही, ना शासनाकडे, ना बांधकाम करणाऱ्याकडे, ना ओढा बुजवून बांध पुढे सरकवणाऱ्या शेतकऱ्याकडे. पाटबंधारे खाते नकाशावर दोन पूररेषा आखते: साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध आणि दोन रेषांच्या मध्ये ते नियंत्रित असते. पुढच्या घराला त्या रेषेच्या आत परवानगी मिळाली, तर ती ज्यांच्या सहीने मिळेल त्यांनी पाणी आल्यावर दैवाचे नाव घेऊ नये.